हशाची जागा

दाढी चिकटवायचा डिंक हनुवटीला लावला की आधी गार वाटतं, मग कातडी ओढल्यासारखी होते, आणि थोड्या वेळाने तो तिथे आहे हेच माणूस विसरतो. काढताना मात्र तो सगळी आठवण करून देतो.

*

काय हरवलं आठवत नाही, तरी आलो शोधायला,
सापडलं तर आपलं म्हणू, जातंय काय बोलायला.

*

भिंगाची काच घासताना काचेकडे बघायचं नसतं, काचेतून बघायचं असतं. हे आईचं म्हणणं. आई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते. लोकांना सुट्टी असते त्या दिवशी दुकानात गर्दी, म्हणून आईला सुट्टी नाही.

*

सभागृहातल्या खुर्च्यांना स्प्रिंग आहे. माणूस उठला की बैठक आपोआप वर जाते आणि पाठीला थडकते. प्रयोग संपला की असा आवाज होतो, जणू अख्खं सभागृह दात मिटतंय.

*

"नवरा हरवलाय."
"रंग?"
"उडालेला."
"ओळखण्याची काही खूण?"
"काही विचारलं तर उत्तर देत नाही."

*

विनोदी नाटकाची तालीम रिकाम्या सभागृहात करायची नाही, हा त्या विद्यार्थी नाट्यमंडळाचा नियम होता.

नियमामागे एक जुनं दुखणं होतं. आताच्या मुलांपैकी कोणी तिथे शिकायला आलंही नव्हतं तेव्हा मंडळाने एक धमाल नाटक बसवलं होतं. तालमी शांत सभागृहात झाल्या, वाक्यावर वाक्य फटाफट पडायची सवय लागली, आणि प्रयोगाला लोक असे काही हसले की त्यांच्या हशाने पुढची वाक्यं गिळून टाकली. नायकाचा हरवलेला भाऊ कोण हे ज्या वाक्यात कळायचं, नेमकं तेच गेलं. हसत आलेले लोक डोकं खाजवत घरी गेले. तेव्हापासून पद्धत पडली: तालमीला एकाने खुर्च्यांत बसायचं आणि हशाच्या जागा येतील तिथे हसायचं. नटांनी थांबायला शिकायचं. हशा चढत असताना गप्प राहायचं, तो शिखरावर असतानाही गप्प राहायचं, आणि उतरणीला लागून अर्ध्यावर आला की पुढचं वाक्य टाकायचं.

या वर्षी हसायला बसायची तिला सगळे 'पब्लिक' म्हणत. "पब्लिक आली का रे?" "पब्लिकला पाणी द्या, घसा बसला तिचा." तिच्या खऱ्या नावाने तिला हाक मारायची तर समोरच्याला क्षणभर आठवावं लागायचं.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. तोच विनोद रोज ऐकून रोज हसायचं, आणि तेही कालच्यासारखं नाही, कारण प्रेक्षक रोज सारखा हसत नाही. रोज खुर्ची बदलायची, म्हणजे नटांच्या नजरेला एकाच कोपऱ्याची चटक लागत नाही. पब्लिकने त्यात हातखंडा मिळवला होता. पोटातून सुरुवात करायची, खांदे सैल सोडायचे, उरलेलं शरीर सांभाळून घेतं. तिच्या हसण्याच्या शेवटी श्वास आत घेताना एक बारीकसा आवाज यायचा, तेल नसलेल्या बिजागरीसारखा. त्या आवाजावर नट पुढचं वाक्य टाकायला शिकले होते.

पण हातखंडा असणं वेगळं आणि आवडणं वेगळं. मंडळात येऊन तिला बरेच दिवस झाले होते. पहिल्या नाटकाला तिने कपड्यांना इस्त्री केली. दुसऱ्याला पडदा ओढला. दोन्ही वेळेला आईने विचारलं होतं, "दिसणार का गं तू?" आणि दोन्ही वेळेला ती म्हणाली होती, "मागे आहे." मागे असलेल्या मुलीला बघायला दुकानातून रजा मागणं आईला पटेना. "मागची तर मी रोजच आहे," ती म्हणाली होती, आणि स्वतःच थोडी हसली होती. आई हसायची, पण तिचं हसू घाईत असल्यासारखं यायचं आणि लगेच निघून जायचं.

या वेळी दिसायचं, असं पब्लिकने ठरवलं होतं. निदान एकदा. आईने खुर्चीत बसावं, आणि समोर आपण असावं.

*

नाटक मुलांनीच लिहिलं होतं. संगीतही त्यांचंच. नाव होतं 'आपलंच आहे का बघा'. हरवलेल्या वस्तू जमा करण्याचं एक कार्यालय, तिथला एक कारकून, आणि तो प्रत्येकाला भलतीच वस्तू देतो, तरी सगळे खूश होऊन गाणं म्हणत घरी जातात. कारकून करणारा मुलगा उंचच उंच होता, कमरेपासून खाली नुसते पायच. त्याला टांगा म्हणत. दिग्दर्शक मुलगा गळ्यात शिट्टी घालून फिरायचा, म्हणून तो मास्तर. आणि रंगमंचाच्या खाली, खुर्च्यांकडे पाठ करून बसायची ती कीबोर्डवाली.

एके संध्याकाळी तालीम संपली. खिडक्यांतून अजून भरपूर उजेड येत होता. टांगा बूट शोधत होता.

"पब्लिक, आज तू मला वाचवलंस," तो म्हणाला.

"मी काय केलं?"

"छत्रीच्या प्रवेशात. 'थांबा, आतून आणतो' म्हणून मी वळलो, आणि पुढचं सगळं डोक्यातून साफ. नशीब तू हसलीस. तेवढ्यात आठवलं."

छत्रीच्या प्रवेशात एक म्हातारा छत्री शोधायला येतो. कारकून म्हणतो, "थांबा, आतून आणतो," आणि आत जातो. त्या वाक्यात विनोद नाही. ते फक्त माणसाला आत पाठवायला लिहिलेलं वाक्य आहे.

"तिथे मी कशाला हसेन?" ती म्हणाली.

"ते मला काय विचारतेस? मीही मनात म्हटलं, ही पाघळली आज." त्याला बूट मिळाला. "पण छान वाटलं. तिथे एक जागा आहे बघ. आम्हाला कुणालाच दिसली नव्हती."

टांगा थापाड्या होता. तिने सोडून दिलं.

*

दुसऱ्या दिवशी ती मधल्या ओळीत बसली. छत्रीचा प्रवेश आला.

"थांबा, आतून आणतो," टांगा म्हणाला, आणि थांबला.

आधी तिला वाटलं, परत विसरला. मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं. म्हातारा करणारा मुलगा थांबला होता. मागे रांगेत उभी असलेली मुलं थांबली होती. कोणी कुणाकडे बघत नव्हतं, कोणी ताटकळलेलं दिसत नव्हतं. हशा चाललेला असताना नट उभा राहतो तसे ते उभे होते: अंग जागेवर, चेहरा चालू, कान समोर. कीबोर्डवालीची बोटं पट्ट्यांच्या थोडी वर थबकली होती, आणि तिला तर रंगमंचावरचं कोणी दिसतही नव्हतं, कारण ती मान खाली घालून वाजवायची.

सभागृहात शांतता होती. एक पंखा फिरत होता. कुठेतरी नळ गळत होता.

मग सगळे एकदमच हलले. टांगा आत वळला, म्हाताऱ्याने खोकून घेतलं, बोटं पट्ट्यांवर आली. इशारा कोणी दिला नव्हता. हशा उतरणीला लागून अर्ध्यावर आला होता, एवढंच.

पब्लिक ओठ घट्ट मिटून बसली होती.

*

"मास्तर, त्या जागेला मी हसत नाही."

"कुठल्या?"

"आतून आणतो."

"अगं, तिथे तर तू सगळ्यात छान हसतेस." मास्तर सरळसोट माणूस होता, उगाच तारीफ करणारा नव्हता. "बाकी ठिकाणी थोडं काम केल्यासारखं वाटतं. खोटं नाही बोलत. तिथे मात्र मनापासून येतं."

"उद्या तू माझ्याशेजारी बस."

तो बसला. त्याला काही पटवून द्यायचं नव्हतं, म्हणून तो बिनधास्त पाय पसरून बसला. ती जागा आली तेव्हा पब्लिकने तोंडावर हात धरला, आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही ओढली, म्हणजे तो आपल्याकडे बघेल. तो रंगमंचाकडेच बघत राहिला. दिग्दर्शक माणूस, वाक्य चालू असताना त्याचे डोळे काढून घेणं म्हणजे कुत्र्याच्या तोंडातून हाड काढणं.

"हां," तो म्हणाला. "हेच. बघ, आपोआप येतं तुला."

"माझ्या तोंडावर हात होता."

मास्तरने आता वळून पाहिलं. हात अजून तिथेच होता. तो थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

"मग काढ ना," तो म्हणाला. "स्पष्ट ऐकू येईल."

आणि उठून रंगमंचाकडे गेला. त्याची बैठक वर जाऊन थडकली.

*

तिने करून पाहिलेल्या गोष्टी:

खुर्ची मागच्या ओळीत नेली. नटांच्या नजरा मागे आल्या, पण तिच्यावर नाही. तिच्या थोड्या डावीकडे.

'रंग उडालेला' या वाक्याला हसली नाही. सगळे थांबले. वेळ झाल्यावर पुढे गेले.

डावीकडच्या खुर्चीवर दप्तर ठेवलं. नजरा उजवीकडे गेल्या.

एक अख्खी तालीम हसलीच नाही. मांडीवर हात ठेवून परक्यासारखी बसून राहिली. गाणी झाली, प्रवेश झाले, प्रत्येक जागेला ते थांबले, आणि कधी नव्हे ते एकही वाक्य आपटलं नाही. शेवटी मास्तरने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना सांगितलं, "आज पब्लिकसाठी टाळ्या. आज ती खरी लयीत होती."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे तोंड करून, पण थोड्या बाजूला.

*

हे कुणाला सांगायचं? घरी आई जेवायला बसली होती, चष्मा कपाळावर सरकवलेला, डोळ्यांखाली दिवसभराचा ताण. "आई, मी हसत नाही आणि त्यांना ऐकू येतं," असं म्हटलं असतं तर आईने शांतपणे विचारलं असतं, "झोप होते का तुझी?" म्हणून तिने सांगितलं नाही.

आणि मग म्हातारा करणाऱ्या मुलाचा परीक्षेचा निकाल लागला, आणि तो पाहून त्याच्या वडिलांनी त्याचं नाटकच बंद केलं. प्रयोग तोंडावर आला होता. मास्तर पायऱ्यांवर डोकं धरून बसला.

"मी करते," पब्लिक म्हणाली.

"म्हातारा?"

"दाढी लावा. सगळी वाक्यं पाठ आहेत मला. सगळ्यांची आहेत."

"अगं, पण मग हसणार कोण?"

टांगा खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता तो म्हणाला, "हसेलच की ती."

कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मास्तरने मान डोलावली, जणू अडचण सुटली. पब्लिक टांग्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. विचारावं असं जिभेवर आलं होतं. पण विचारलं तर काम जाईल, अशी तिला भीती वाटली. तिने विचारलं नाही.

घरी जाऊन ती आईला म्हणाली, "या वेळी दिसणार."

आईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कोण आहेस?"

"ते तू ओळखायचं. मध्यंतरानंतर येते मी."

"असं होय? मग रजा काढावीच लागेल," आई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिने खरंच प्रयोगासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली. मालकाला म्हणाली, "मुलगी पुढे आली आहे."

*

रंगमंचावर ती पहिल्यांदा उभी राहिली ती साध्या कपड्यांत, दाढीशिवाय, हातात काठी म्हणून एक झाडू. समोर सभागृह रिकामं. उन्हाची तिरीप खुर्च्यांच्या पाठींवर पडलेली.

कारकून: कधी हरवली छत्री?
म्हातारा: पाऊस थांबला तेव्हा.

आणि हशा आला.

तिने तो पहिल्यांदाच ऐकला. मोठा नव्हता. एकाच माणसाचा, मधल्या ओळीतून, पोटातून निघालेला, खांदे सैल सोडलेला. चढला, शिखरावर थांबला, उतरला. शेवटी श्वास आत गेला तेव्हा बिजागरी वाजली.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो पटत नाही म्हणतात. तिला लगेच पटला.

मधल्या ओळीत सगळ्या बैठका वर होत्या. एक खाली होती.

"वाक्य," मास्तर खालून म्हणाला.

तिने पुढचं वाक्य टाकलं. बरोबर वेळेवर, हशा अर्ध्यावर असताना. अंगवळणी पडलेलं होतं.

प्रवेश संपल्यावर तिने टांग्याला बाजूला घेतलं. "हसतंय कोण?"

"पब्लिक."

"मी इथे आहे."

टांग्याने तिच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, चावी खिशातच सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी आलं.

"हो की," तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला. "भारी होतं हं हे. नाटकात घालायला हवं." आणि पाणी प्यायला निघून गेला.

त्यानंतर तिने तो विषय कुणाजवळ काढला नाही. तिला सवय होत गेली हेही खरं. सोबतीला कोणी चांगलं हसणारं असलं की काम सोपं होतं. तिचं काम दिवसेंदिवस चांगलं होत गेलं. म्हातारा कंबरेतून वाकू लागला, त्याची हनुवटी थरथरू लागली. छत्रीची भोकं बघून तो म्हणायचा, "ही माझी नाही, शेजाऱ्याची. द्या. माझी त्याच्याकडे आहे," तेव्हा मागच्या रांगेतली मुलंही ओठ चावून हसू दाबायची. आणि मधल्या ओळीतून येणारा हशा दरवेळी नव्याने आल्यासारखा वाटायचा.

*

प्रयोग सुट्टीच्या दिवशी दुपारी होता.

रंगपटात डिंकाचा आणि इस्त्रीचा वास. मास्तरचा नियम: एकदा दाढी-मिशी चढली की बाहेर जायचं नाही, प्रेक्षकाला तोंड दाखवायचं नाही, आई असो की मावशी. पब्लिकने दाढी लावली, भुवया लावल्या, डोक्याला करडा टोप, पोटाला उशी. आरशात कोणीतरी भलताच म्हातारा बसला होता. तिला फार बरं वाटलं.

पडद्याला डोळ्याएवढं भोक होतं. नटांच्या पिढ्यांनी ते जपलेलं. तिने डोळा लावला.

सभागृह भरत होतं. आई आली होती. कपाटातली चांगली साडी नेसली होती, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मधल्या ओळीत. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

आई दाराकडे बघत होती. मग दिवे मंद झाले.

*

पहिला भाग ती विंगेत उभी राहून ऐकत होती. लोक हसत होते. खूप हसत होते. नवरा हरवलेल्या बाईला तर टाळ्या पडल्या. नट थांबत होते, वेळेवर बोलत होते, एकही वाक्य वाया गेलं नाही. जुन्या नाटकाचं उट्टं निघत होतं.

एवढ्या लोकांच्या हशात एक आवाज ओळखणं शक्य नसतं.

ती ओळखत होती.

*

मध्यंतरानंतर तिची वेळ आली. कोणीतरी पाठीवर थाप मारली. ती वाकली, काठी टेकली, आणि उजेडात गेली.

"कधी हरवली छत्री?"

"पाऊस थांबला तेव्हा."

सभागृह फुटलं. आपल्या वाक्याने एवढी माणसं एकदम हलतात हे तिला ठाऊक नव्हतं. पायांखालच्या फळ्यांतून ते वर आलं. ती थांबली. हशा चढला, शिखरावर गेला, उतरला. लोक गप्प झाले.

एकजण उरला. थोडा वेळ अजून. मग बिजागरी.

टांगा म्हणाला, "थांबा, आतून आणतो."

लोक शांत होते. तिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

रंगमंचावरचे सगळे थांबले.

तिलाही थांबावं लागलं, कारण ती ऐकत होती.

ती समोर बघू शकत होती. म्हातारा आहे, नजर कुठेही जाऊ शकते. तिने मधल्या ओळीत पाहिलं.

अंधारात चेहरे दिसत नव्हते. आईचा चष्मा तेवढा चमकत होता. आईच घासलेल्या काचा, नितळ.

चष्मा रंगमंचाकडे नव्हता.

आई शेजारी बघत होती. शेजारच्या खांद्यावर हात ठेवून, मान वळवून, हसत होती.

शेजारच्या खुर्चीत अंधार होता.

तिचं वाक्य आलं. तिने टाकलं. वेळेवर.

*

पडदा पडला, लोक गेले, बैठका थडाथड मिटल्या. दाढी काढताना कातडी निघाल्यासारखं झालं. ती धावत बाहेर आली तेव्हा आई फाटकाशी होती. तिला पाहून आईला नवल वाटलं नाही.

"झालं हात धुऊन? चल," आई म्हणाली.

त्या चालत निघाल्या. रस्त्यावर अजून ऊन होतं. आई इतक्या हलक्या पावलांनी चालत होती की पर्स तिच्या हातात झुलत होती.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"अगं, तुझ्यासोबतच तर होते. दिसलं नाही का तुला कसं वाटलं ते?" आईने डोळे पुसले. "किती दिवसांनी गं. आपण दोघी अशा कधी बसलोच नाही. तू घरी आणि मी दुकानात."

ती चालता चालता आईकडे वळली.

"काम कापलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस," आई म्हणाली. "दिवे जाताना तू येऊन सांगितलंस तेव्हा मला जरा लागलं. खोटं कशाला बोलू? मालकाला काय सांगू असं वाटलं. पण नंतर म्हटलं, बरंच झालं. तू तिकडे असतीस तर मी एकटीच बसले असते. एकट्याने हसता येत नाही मला."

"आई, तो छत्रीवाला—"

"तो म्हातारा ना? कोण मुलगा गं तो? सगळ्यांत छान तोच." आई थांबली, आठवून परत हसली. "पण खरं सांगते, मी त्याला कमी आणि तुलाच जास्त बघितलं. त्याच्या वेळेला तू अशी हसत सुटलीस, की म्हटलं आता हिला श्वास लागतो. पाठीवर हात फिरवावा लागला."

"आई. तो म्हातारा मी होते."

आईने तिच्याकडे पाहिलं. काच तपासताना बघते तसं, नीट, घाई न करता. मग हात वर केला आणि तिच्या हनुवटीला अंगठा लावला. तिथे कातडी लाल झाली होती, डिंकाची खरबरीत कड अजून चिकटलेली होती.



"हसून हसून नुसती लाल झाली आहेस," आई म्हणाली, आणि अंगठ्याने ती कड पुसून टाकली.

पुढचं वळण आलं. मग आई गुणगुणायला लागली. काय हरवलं आठवत नाही, तरी आलो शोधायला. सूर थोडा चुकत होता. घरात तिला गाताना पब्लिकने कधी ऐकलं नव्हतं.

"पुढच्या वेळेलाही असंच शेजारी बस," आई म्हणाली. "बसशील ना?"

"बसेन," ती म्हणाली.

मध्यंतरात आईने दोन कप चहा घेतला होता. दोन्ही कप रिकामे परत गेले.